वायव्य मार्ग, सामुद्रधुनी की नुसती ‘वाट’?

कॅनडातल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत आठ-नऊ वर्षांच्या मुलांना इथल्याच उत्तरेची गोष्ट सांगते आहे. अटलांटिकमधून बॅफिन उपसागरात शिरायचं, बेटांच्या जाळ्यातून पश्चिमेकडे सरकायचं आणि बेरिंग सामुद्रधुनीतून पॅसिफिकमध्ये उतरायचं, तो बर्फाळ सागरी मार्ग. पुस्तकी मराठीत ‘वायव्य मार्ग’. हा शब्द उच्चारला आणि प्रश्न आला, “समुद्रात रस्ता कोणी बांधला?” मग ‘सामुद्रधुनी’ म्हटलं, तर एकीला शिर्डीची धुनी आठवली. बर्फात धुनी! सोपा, पण चुकीचा नसलेला शब्द सुचवाल का?

प्रतिसाद :
ताई, ही धुनी वेगळी. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. दोन समुद्रांना जोडणारी, नदीसारखी चिंचोळी म्हणून सामुद्रधुनी. मुलांना ‘समुद्राची नदी’ म्हणून सांगा, आवडेल. पण तुमच्या मार्गाला तो शब्द चालणार नाही. ती एक सामुद्रधुनी नाहीच, कितीतरी सामुद्रधुन्यांची माळ आहे, आणि वाटाही एकाहून जास्त.

प्रतिसाद :
मार्गाचं जमेल तेव्हा जमेल, ‘हिमनग’ मात्र जपून वापरा. मुलांच्या पुस्तकांत बर्फाळ समुद्र आला की हिमनग येतोच. हिमनग हा जमिनीवरच्या हिमनदीचा तुटलेला कडा, गोड्या पाण्याचा. (नग म्हणजे ‘न जाणारा’, डोंगर. आणि हा पठ्ठ्या समुद्रभर हिंडतो!) या मार्गावर जहाजं मुख्यतः अडली ती गोठलेल्या समुद्रामुळे. खारं पाणी साधारण उणे १.८ अंशांना गोठतं, त्याचे थर फुटतात, वाऱ्याने एकमेकांवर चढतात, पुन्हा सांधतात. त्याला मी ‘लाद्या’ म्हणेन. मासळीबाजारातली बर्फाची लादी आपल्या ओळखीची आहे, फक्त ही मैदानाएवढी. तिथले मूळ रहिवासी असलेले इनुइट लोक समुद्राच्या बर्फाला ‘सिकू’ म्हणतात आणि पिण्याजोग्या गोड्या बर्फाला ‘निलाक’. आपला ‘बर्फ’ फारसीतून आला, आणि तिथे तो आकाशातून पडणारा. पाणी गोठून होतो तो ‘यख’. आपण दोन्ही एकाच शब्दात कोंबले.

मूळ प्रश्न विचारणारी :
लादी पक्की! माझ्या वहीत ‘जहाज हिमनगांत रुतले’ असं होतं, खोडलं. रुततं ते चिखलात, नाही का? इथे ‘जखडलं’ हवं.

प्रतिसाद :
माझं मत ‘वाट’ला. ‘मार्ग’ कुणीतरी आखलेला वाटतो. वाट शोधावी लागते, चुकते, अडते, बंद होते. आणि तुमची सगळी गोष्ट याच शब्दाच्या वाक्प्रचारांत बसते. ही वाट शोधायला ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रँकलिन १८४५ मध्ये इंग्लंडहून ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं घेऊन निघाला. १८४६ च्या सप्टेंबरात किंग विल्यम बेटाजवळ दोन्ही जहाजं जखडली. माणसांनी बर्फ सुटायची वाट पाहिली, सुटला नाही. १८४८ च्या एप्रिलमध्ये जहाजं सोडून उरलेले पायी निघाले. १२९ जणांपैकी एकही परतला नाही. उपाशी गोरी माणसं पाहिल्याचं इनुइट सांगत होते, लंडनमध्ये कित्येकांना ते पटेना. ‘एरेबस’ २०१४ मध्ये सापडलं, ‘टेरर’ २०१६ मध्ये.

आता नॉर्वेचा शोधक आमुंडसेन बघा. १९०३ मध्ये ‘योआ’ नावाची छोटी बोट, स्वतः धरून सात माणसं. किंग विल्यम बेटाच्याच एका खाडीत दोन हिवाळे मुक्काम. तोही वाटच पाहत होता, पण शेजारच्या नेत्सिलिक इनुइटांकडून कातड्याचे कपडे आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या शिकत. पुढे तिसऱ्या हिवाळ्यातही बोट अडली. १९०६ मध्ये पलीकडे पोहोचला. तीच वाट, तीच वाट पाहणं! हा फरक मुलांना शब्दातूनच दाखवता येईल.

प्रतिसाद :
वाट गोड आहे, पण नकाशात ‘वायव्य वाट’ कोण लिहिणार? शीर्षकात ‘वायव्य मार्ग’ ठेवा, गोष्टीत ‘वाट’. आणि वायव्य ही वायूची दिशा, हेही सांगाच. वाऱ्यानेच तर लाद्या हलतात.

मूळ प्रश्न विचारणारी :
ठरलं, असंच करते. एक शंका. फ्रँकलिनपाशी आल्यावर कुणी ना कुणी ‘म्हणजे वाट लागली’ म्हणणार, माझी खात्री आहे. शाळेत चालेल?

प्रतिसाद :
ते म्हणायच्या आत तुम्हीच म्हणा, ताई.