कर्णबधिर मूल गावच्या शाळेत शिकावे की विशेष शाळेत?

मूळ मांडणी (शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

यंदा आमच्या द्विशिक्षकी शाळेत पहिलीला एक कर्णबधिर मुलगी आली. दिवाळीच्या आतच गावातील जाणत्यांनी तिच्या वडिलांना सांगितले, की ती वर्गात नुसती गप्प बसते, तेव्हा तिला शहरातील वसतिगृहात ठेवा. हा सल्ला मला मान्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३१ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड कुटुंबाची आहे, गावाची नाही.

शिवाय तिचे गप्प बसणे हा तिचा स्वभाव नव्हे, ते वर्गाने तिला शिकवलेले आहे. साधक अभिसंधानाविषयी, म्हणजे परिणाम पाहून वर्तन कसे शिकले जाते याविषयी, मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी दाखवले, की ज्या वर्तनाला प्रबलन, म्हणजे बळ देणारा प्रतिसाद, मिळत नाही ते हळूहळू विझते. जूनअखेरीस शाळा उघडली तेव्हा ती रोज बोट वर करायची, आणि मी फळ्याकडे तोंड करून बोलत असल्यामुळे ते मला दिसतच नव्हते. आता मी मुलांकडे तोंड करून, तिच्याकडे पाहत बोलतो, आणि तिचे बोट पुन्हा वर येऊ लागले आहे.

उत्तर (आई, वरोरा तालुका)

गुरुजी, तुमची तळमळ दिसते, पण बोट वर येणे म्हणजे भाषा येणे नव्हे. माझा मुलगा दोन वर्षे गावच्या शाळेत होता. बाई मायाळू होत्या, त्याचे अक्षर सुरेख झाले, फळ्यावरचे सगळे तो उतरवून घ्यायचा. मात्र पोट दुखते की दात, हे त्याला सांगता येत नव्हते. विशेष शाळेत गेल्यावर वर्षभरात तो खुणांनी भांडू लागला, थापा मारू लागला, घरी येऊन मित्रांच्या गोष्टी सांगू लागला. भाषा माणसांत राहून येते, आणि गावात ती भाषा बोलणारे दुसरे कोणीच नव्हते. १८८० साली इटलीतील मिलानच्या कर्णबधिर-शिक्षण परिषदेत, जिथे जवळपास सगळेच ऐकू येणारे होते, कर्णबधिरांना खुणांऐवजी तोंडी बोलण्यानेच शिकवावे असा ठराव झाला. त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले. सर्वांसोबत बसवण्याच्या आग्रहात तीच चूक पुन्हा होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आमच्याकडे आनंदवनात कर्णबधिरांचे विद्यालय असल्यामुळे आम्हाला निवडीला वाव तरी होता.

उत्तर (विशेष शिक्षक, वाशीम जिल्हा)

ताई, भाषेचा मुद्दा मला पूर्ण पटतो, तरी सहा वर्षांच्या लेकरासाठी वसतिगृह हे उत्तर मला पटत नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगातील कुत्र्याला अन्नाआधी ठरावीक आवाज ऐकवत गेल्यावर नुसत्या आवाजानेच लाळ सुटू लागली. भीतीसुद्धा अशीच जोडली जाते. माझ्या ओळखीतील एका मुलाला दर सुट्टीनंतर एसटीने वसतिगृहात सोडत असत. पुढे बाजाराला जायच्या दिवशीही लाल गाडी दिसली, की तो आईचा पदर सोडत नसे. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये सांकेतिक भाषा व ब्रेल येणारे शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. शिक्षक मुलापर्यंत यायला हवा. मुलाने घर सोडणे हा पहिला मार्ग असू नये.

उत्तर (आई, वरोरा तालुका)

तो शिक्षक येईपर्यंत मूल दहा वर्षांचे होते. भाषेची कोवळी वर्षे थांबत नाहीत.

मूळ मांडणी करणारे शिक्षक

ताई, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि निवड कुटुंबाची असे मीच लिहिले आहे. वडिलांपुढे मी आजवर एकच बाजू मांडली, ही माझी चूक झाली. कापसाची वेचणी आटोपली, की त्यांनी मुलीला घेऊन एखादी विशेष शाळा पाहून यावी, असे मी उद्या त्यांना सांगतो. सोबत मीही जाईन. तोवर आमच्या वर्गातील सतरा मुले परिपाठात रोज दोन खुणा शिकत आहेत. मुलगी गावात राहिली किंवा केवळ सुट्टीत घरी आली, तरी तिच्याशी बोलणारे कोणीतरी इथे असलेच पाहिजे.