मेंदूच्या ऑपरेशनला हातातला रोबो : मिरजेनं मागावा की नाही?

मिरजेची_लेक
आईच्या बोटातली अंगठी निघेना, चपलेचा नंबर दोनदा वाढला. आम्ही ‘वजन वाढलंय’ म्हणत राहिलो. निघाली मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ, वाढीचं संप्रेरक जास्त सोडणारी. ऑपरेशन नाकातून झालं. ही ग्रंथी वाटाण्याएवढी, दोन्ही अंगांना मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिन्या आणि वर डोळ्यांच्या नसा. तिथवर नाकपुडीतून लांब, ताठ दांड्याची हत्यारं घालायची. ती आत गेल्यावर हवी तशी वळत नाहीत. कोपऱ्यातला तुकडा राहिला, आता दर महिन्याला इंजेक्शन. डॉक्टरांना मी बोल लावत नाही. त्यांनी जीव ओतला होता.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अशाच ऑपरेशनसाठी हातात धरायचं, टोकाशी मनगटासारखं वळणारं रोबोटिक हत्यार बनवायचं काम चाललंय. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठानं डोळ्याच्या सर्जरीसाठी ‘मायक्रॉन’ नावाचं हातात धरायचं हत्यार केलं. निरोगी हातही सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक थरथरतो. ती थरथर ओळखून ते टोक उलट हलवतं.

मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव आहे. कर्नाटकातूनही पेशंट येतात. खोली अडवणाऱ्या मोठ्या रोबो-यंत्रापेक्षा असं मुठीत मावणारं हत्यार आपल्याकडे आधी यावं, असं निवेदन द्यायचंय. सह्या कराल?

जतकर
ताई, आईंना आराम पडू दे. पण मी सही करणार नाही. माझा चुलतभाऊ रात्री गाडीवरून पडला. कवटीच्या आत रक्त साठत होतं आणि तालुक्यात त्या वेळी सिटी स्कॅन मिळाला नाही. मिरजेला पोचेस्तोवर एका डोळ्यातली बाहुली मोठी झालेली. वाचला, पण उजवा हात अजून उचलत नाही. तुमची गाठ चार महिने थांबते, रक्त थांबत नाही. पैसा आधी तिकडं जाऊ दे.

ओटी_सिस्टर_सांगली
जतकर दादा, तुमच्या भावाच्या कवटीला भोक पाडलं असेल ते बहुतेक क्लचवाल्या ड्रिलनं. हाड संपून टोकावरचा दाब गेला, की ते आपोआप फिरायचं थांबतं. म्हणजे कधी थांबायचं हे यंत्रानं ठरवायची सवय आम्हाला जुनीच आहे. त्यानं मेंदू वाचतो, हे मी डोळ्यांनी बघते. पण तिरकं धरलं किंवा हाड पातळ असलं, तर कधी कधी ते थांबतच नाही. म्हणून ड्रिल चालू असताना मी सर्जनच्या हातावरची नजर काढत नाही. नवीन हत्यार येऊ दे, पण ते चुकतं कधी हे शिकवणाऱ्यासकट येऊ दे.

बायोमेडिकल_कराड
माझा विरोध वेगळा आहे. टोकाशी वळणारं हत्यार म्हणजे आत बारीक तारा आणि सांधे. त्यात रक्त सुकून बसलं, की ऑटोक्लेव्हच्या (हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) वाफेनं ती घाण निघत नाही आणि तिच्याखालचे जंतू मरतीलच याची खात्री नसते. मग एकदाच वापरायचं टोक येणार आणि त्याचं बिल पेशंटच्या माथी. आणि ताई, नाकातून करायच्या ऑपरेशनात थरथर ही मोठी अडचण नाहीच. जागा आणि कोन ही अडचण आहे. तुम्ही दोन वेगळी हत्यारं एकत्र केलीत.

मिरजेची_लेक
थरथरीचं बरोबर आहे, निवेदनातून काढते. कोनाचा मुद्दा मात्र माझ्या आईचाच आहे, तो राहील. २००८ मध्ये कॅनडात, कॅल्गरीला ‘न्यूरोआर्म’ नावाच्या रोबोनं मेंदूतली गाठ काढली, पण त्यात सर्जन दुसरीकडे कन्सोलवर बसून रोबो चालवतो. मुठीतल्या हत्यारात डॉक्टर पेशंटच्या उशाशीच राहतो आणि हत्यार कशाला टेकलंय ते त्याच्या बोटांना लागतं. धुण्याची अट आणि सिस्टरांची शिकवण्याची अटही घालते.

जतकर दादा, तुमच्या भावाचं वाचून रात्री झोप नाही लागली. पण या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात, हे मला अजून पटत नाही.

जतकर
एकाच तिजोरीतून द्यायच्या, म्हणून आड येतात. तालुक्याला रात्रीचा सिटी स्कॅन आणि तो चालवणारा माणूस, हे पहिल्या ओळीत लिहा. मग पाठवा कागद, वाचून सांगतो.