हवाईत साइमिन कुठे खावं? (आई सोबत आहे)

सांजवात: डिसेंबरात होनोलुलूला तीन दिवस आणि काउआईला चार. आई मासे खाते, मटण-डुक्कर मात्र अजिबात नाही. साइमिन म्हणजे रामेनच (जपानी शेवयांचं सूप) ना? कुठे खावं आणि आईसाठी काय सांगावं?

खारा_वारा: तिथे जाऊन रामेन म्हणू नका हो! बऱ्याच रामेनचा रस्सा हाडं उकळून दाट केलेला असतो. साइमिनचा पातळ, जवळजवळ साराइतका. सुकी कोलंबी आणि कोम्बू (समुद्री शेवाळ) यांचा. त्यात अंडं घातलेल्या पिठाच्या शेवया, वर पातीचा कांदा, गुलाबी कडेचा कामाबोको (माशाची वडी), चारसू (भाजलेलं डुक्कर) नाहीतर स्पॅम (डब्यातलं डुकराचं मांस). उसाच्या मळ्यांवर चिनी, जपानी, फिलिपिनो मजूर शेजारी राहिले, त्यातून हे जन्मलं. नाव चिनी, रश्शाचं वळण जपानी.

काउआईला लिहुएत हामुरा चुकवू नका. 2006 साली त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला, पण आत गेलात की खानावळच. नागमोडी काउंटर, बुटकी स्टुलं, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर. मोहरीची तिखट पेस्ट आणि शोयू (सोया सॉस) बशीत कालवून घ्या, त्यात कामाबोको बुडवून खा. होनोलुलूत कलिहीतलं पॅलेस साइमिन, 1946 पासूनचं.

गवती_चहा: आईंसाठी 'मांस नको' एवढ्यावर भागत नाही. चारसू काढतील, पण काही ठिकाणी रश्शातच डुकराची किंवा कोंबडीची हाडं असतात. 'रस्सा कशाचा?' असं थेट विचारा, प्रत्येक ठिकाणी.

पिठलंप्रेमी: आमचे हे पक्के शाकाहारी. एका दुकानात वरचं सगळं काढून घेतलं आणि खुशीत वाडगा पुढे ओढला. वाफेचा पहिला भपकाराच सोड्यांचा! बिचारे पावाच्या शोधात बाहेर पडले. मी मात्र दोन्ही वाडगे संपवले.

सांजवात: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे सोड्याच्या सारात शेवया. मग घाबरायचं काय?" रस्सा विचारूनच घेऊ. तिच्यासाठी गोड काही?

खारा_वारा: हामुरातच लिलिकोई शिफॉन पाय (फेसाळ सारणाचा गोड पदार्थ). लिलिकोई म्हणजे पॅशन फ्रूट. आंबटगोड, हलका. एक तुकडा दोघींत पुरेल असं समजू नका.