नववीला भूकंप कसा शिकवावा? पोरं म्हणतात, "मॅडम, ब्लास्टिंग आहे"

भूगोलवाल्या बाई

नमस्कार मंडळी. वरोरा-वणी पट्ट्यातल्या एका खेड्यात मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. विज्ञानाचे सर निवृत्त झाले, जागा काही भरली नाही, म्हणून दहावीचं विज्ञानही माझ्याच गळ्यात. म्हणजे नववीचा 'अंतर्गत हालचाली' आणि दहावीचा 'आपत्ती व्यवस्थापन', दोन्ही धडे मीच घेते. धडे वाईट नाहीत. पण पोरांना ते सगळं दुसऱ्यांच्या गावचं वाटतं. भूकंप जपानात, ज्वालामुखी इटलीत, दरड कोकणात. आपल्याकडे काय, तर ऊन.

त्यात आमची अडचण वेगळीच. गावाजवळ कोळशाची खुली खाण आहे. दुपारी सायरन वाजतो, मग धडाका होतो. खिडक्यांची तावदानं खणखणतात, पत्र्यावरून धूळ पडते. पोरं वहीतून मानसुद्धा वर करत नाहीत. 4 डिसेंबर 2024 ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगू भागात 5.3 रिश्टरचा भूकंप झाला आणि धक्के गडचिरोली-चंद्रपूरकडे जाणवले, आठवत असेल. वर्गात विचारलं, कोणाकोणाला जाणवलं? भराभर हात वर. मग काय केलं? "काई नाई मॅडम, ब्लास्टिंग समजून पांघरूण घेतलं." एक पोरगी म्हणाली, "आमच्या आजीनं खाणवाल्यायले शिव्या देल्या, आज सकाळीच सुरू केलं म्हणून." वर्ग हसला, मीही हसले. पण खरा मोठा धक्का आला तरी ही पोरं पांघरूणच घेतील, ही धास्ती तेव्हापासून आहे.

दुसरं, पृथ्वीचं वय. 454 कोटी वर्षं फळ्यावर लिहून झाली. कोटी म्हटलं की आमच्या पोरांना आमदार निधी आठवतो. शून्यं मोजतात आणि विसरतात.

सहलीला पैसे नाहीत. प्रयोगशाळेत खडकांची एक पेटी आहे, तिच्यातली लेबलं वाळवीनं खाल्ली. त्यामुळे पीपीटी, व्हीआर, ॲप असलं काही सुचवू नका. चालत किंवा सायकलनं जाऊन दाखवता येईल असं काही असेल तर सांगा.

कास्तकार_वणी

मॅडम, पोट्टे काही चूक नाही सांगून राह्यले. आमच्या घराच्या भिंतीला तडे गेले ते काय भूकंपानं गेले? अर्ज करकरून थकलो. कंपनीचा माणूस येते, फोटो काढते, चहा पिते, जाते. आधी त्याचं शिकवा, मग जपान.

सर्व्हेअर_निवृत्त

कास्तकार भाऊंचा राग समजतो. माझी उभी नोकरी कोळसा खाणीत सर्व्हेअर म्हणून गेली, तेव्हा माझ्याकडे दोन्ही बाजूंच्या शिव्या जमा आहेत.

मॅडम, तुमच्या शाळेला रोज फुकटात धक्का मिळतो, त्याचाच पाठ करा. ब्लास्टिंगची वेळ ठरलेली असते, आधी सायरन असतो, आणि हादरा दोन-चार सेकंदांत संपतो. तावदानं खणखणतात ती बरीचशी हवेतून आलेल्या दणक्यानं, जमिनीतून आलेल्या हादऱ्यानं कमी. पोरांना सांगा, सायरन झाला की एकानं खिडकीला हात लावायचा, दुसऱ्यानं फरशीवर तळवा टेकवायचा, तिसऱ्यानं घड्याळ पाहायचं. आठवडाभर नोंद ठेवा.

भूकंपाचं तंत्र निराळं. आधी पी लहर येते, कवचातून सेकंदाला साधारण 6 किलोमीटर. मागून एस लहर, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. भूकंप जितका दूर, तितका दोघींच्या येण्यामधला वेळ वाढत जातो. आमचा ढोबळ हिशेब असा: मधले सेकंद गुणिले 8, इतके किलोमीटर. मुलुगू तुमच्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे मध्ये जवळपास अर्धा मिनिट. पहिली इतकी हलकी असते की यंत्राला कळते, पांघरुणातल्या माणसाला नाही. पोरांना मैदानात एका रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं करा. मागून ढकललं की धक्का पुढे पुढे सरकतो, ती पी. रांग बाजूला झुलवली की एस. दुसरी हळू का जाते ते त्यांना पायानं कळेल.

तुमच्या धास्तीबद्दल. किल्लारी 6.2 चा होता. मुलुगूच्या 5.3 पेक्षा आकडा 0.9 नं मोठा, पण ऊर्जा वीसेक पट. आणि किल्लारीचा भाग भूकंपाच्या दृष्टीनं शांत धरला जायचा, आपल्यासारखाच. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव गाढ झोपेत. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं धाबं अंगावर आल्यामुळे. आपल्याकडे धाबी कमी, पण टिनाचे पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात की नाही? पोरांना घरी जाऊन ते मोजायला सांगा, आणि त्यातले किती खाटेच्या बरोबर वर आहेत ते पाहायला सांगा. हा गृहपाठ कोणी कॉपी करून आणू शकत नाही.

आता आपल्या पट्ट्याची खरी आपत्ती. 26 ऑगस्ट 2022 ला घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, साठ-सत्तर फूट खोल. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. खाली इंग्रजांच्या काळातली भूमिगत खाण. जुन्या पद्धतीत कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडायचे, छत त्यांच्यावर तोललेलं. नंतर पोकळीत वाळू भरायची. भरली नाही, अर्धवट भरली, की पाणी साचतं, खांब सडतात म्हणा ना, झिजतात. कधी तरी छत खाली येतं, आणि त्याचा खड्डा हळूहळू वर वर सरकत थेट अंगणात उघडतो. याला भूकंप लागत नाही. जमिनीला गोल भेग दिसली, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, हापशीचं पाणी एकाएकी उतरलं, तर ते सांगायचं कोणाला, हे दहावीच्या पोराला तोंडपाठ पाहिजे.

आणि एक. ओबीच्या, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढून टाकतात त्या ढिगाऱ्यावर पोरं न्यायची नाहीत. तिथं करड्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या पापुद्र्यांच्या दगडात, पानांचे ठसे सापडतात, ग्लॉसोप्टेरिस या कोळशाच्या काळातल्या, आता नामशेष झालेल्या झाडाचे, जिभेसारखं पान, मधोमध ठसठशीत शीर. फार देखणे असतात. पण ढिगारा सैल असतो, पावसानंतर घसरतो, कुठे आतून धुमसत असतो. खाणीतला कोणी ओळखीचा असेल तर एक तुकडा मागून घ्या, परवानगीनं.

भूगोलवाल्या बाई

सर, टिनावरच्या दगडांचा गृहपाठ उद्याच देते. घुग्घुसला आमच्या वर्गातल्या दोघांचं आजोळ आहे, ते घर त्यांनी टीव्हीवर नाही, जाऊन पाहिलंय. आजवर तो विषय निघाला की वर्गात नुसत्या अफवा चालायच्या, खाली भुयार आहे, राजाचा खजिना आहे. आता खांबांचं चित्र फळ्यावर काढून देईन.

कास्तकार भाऊ, तड्यांचंही घेते. तडा वाढतोय की जुनाच आहे हे पाहायला त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी थापायची आणि तारीख टाकायची. पट्टी फुटली तर तडा जिवंत. तुमच्या अर्जालाही ते फोटो जोडता येतील.

कोटी वर्षांचं मात्र अजून अडलेलंच आहे.

दोरवाला_मास्तर

मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. 45 मीटर 40 सेंटिमीटर दोर घ्या, कासरे जोडून जोडून होतो. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस, तिथं वर्गातलं सगळ्यात बुटकं पोरगं उभं करायचं. आजपासून मागे मोजत चिंध्या बांधायच्या.

पण चिंध्या आपल्याच जिल्ह्यांच्या बांधा. तुमच्या भागात तर चैन आहे. कोळसा झाला ती जंगलं पावणेतीन-तीन मीटरवर. त्याच्या किंचित आधी हिमयुग. हो, चंद्रपूरला बर्फ! इरईजवळ खडकावर हिमनदीनं ओढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलेले आहेत. 47 अंशांत शिकणाऱ्या पोरांना हे सांगताना मला दर वर्षी मजा येते. कोरपना-राजुऱ्याकडचा चुनखडक, ज्याचं सिमेंट होतं, तो याच्याही कितीतरी मागे, शंखशिंपल्यांचे प्राणीसुद्धा नव्हते तेव्हाचा. दख्खनचा काळा दगड 66 सेंटिमीटरवर. माणूस, आपली जात, शेवटचे 3 मिलिमीटर. ती चिंधी बांधताच येत नाही, दोराच्या टोकाची गाठच तेवढी जाड असते. पोरं तिथं गप्प होतात आणि मग एकदम भांडायला लागतात, की असं कसं.

67 सेंटिमीटरच्या आसपास पिसदुरा बांधायला विसरू नका, तुमच्याच वरोरा तालुक्यात आहे. तिथं डायनोसोरची हाडं सापडली आणि दगड झालेलं शेणही. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले, 2005 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तोवर समज असा की डायनोसोर संपल्यावर गवत आलं. त्यात धानाच्या कुळाशी नातं सांगणारं गवतही निघालं. नववीचा कंटाळलेला वर्ग जागा करायचा असेल तर 'डायनोसोरचं शेण' हे दोन शब्द पुरतात. फक्त पोरांना ताकीद द्या, तिथून काही उचलून आणायचं नाही. जीवाश्म खिशात गेला की त्याचा पत्ता हरवला, मग तो नुसता गोटा.

नरखेडकर

भूकंप, खाण ठीक आहे. नदी विसरू नका. 30 जुलै 1991 ला आमच्याकडे मोवाडला वर्धा नदी गावात शिरली, दोनशेवर माणसं गेली. तुमच्या गावाजवळून वाहते ती हीच नदी. म्हाताऱ्यांना विचारा, पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि पोरांकडून त्या भिंतींवर गेरूनं रेघ मारून घ्या.

मेहकरचा

दोराच्या मास्तरांना एक चिंधी आमच्याकडून. लोणारचं विवर, साधारण पावणेदोन किलोमीटर रुंद, उल्का बेसाल्टवर, म्हणजे त्याच दख्खनच्या काळ्या दगडावर आदळून झालेलं. वय पूर्वी 50 हजार वर्षं सांगायचे, नंतरच्या मोजणीत पावणेसहा लाखांच्या आसपास आलं. तुमच्या दोरावर 6 मिलिमीटरही नाही. वय बदललं कसं, हे पोरं विचारतीलच. विचारू द्या, पुस्तकातले आकडे कुठून येतात ते तेव्हाच सांगता येतं. लवणासुराची गोष्टही सांगा, तिच्याशी भांडत बसू नका.

कास्तकार_वणी

प्लास्टरचं ध्यानात ठेवलं मॅडम. करतो.

आता माझं ऐका. दोर, चिंध्या ठीक, पण जमिनीच्या आतलं पाहाचं असंल तर माझी विहीर आहे. बांधकाम व्हाचं आहे, चहूबाजूनं उघडी आहे. वरून बारा फूट काळी माती. तिच्याखाली चुनखडीचे गोटे, मग मुरूम, मग मांजऱ्या, तो कुदळीनं निघते. त्याच्याखाली काळा पाषाण, त्याला सुरुंग लावला. अन् पाषाणाच्या खाली एकदम हातभर लाल मातीचा पट्टा, विटेसारखा. त्याच्याखाली पुन्हा पाषाण. दोन पाषाणाच्या मधात माती कशी घुसली, हे मले कोणी सांगितलं नाही. विहीर खचली ते त्याच पट्ट्यापासून.

सर्व्हेअर_निवृत्त

भाऊ, ती घुसली नाही, आधीपासून तिथंच होती. खालचा पाषाण म्हणजे लाव्ह्याचा एक थर. तो थंड झाला, मग बराच काळ लाव्हा आलाच नाही. ऊन-पावसानं वरचा भाग कुजून माती झाली. मग पुढचा लाव्हा तिच्यावर पसरला आणि ती भाजून निघाली, म्हणून लाल. दख्खनचा दगड असा थरावर थर आहे, तुमच्या विहिरीत त्यातले दोन दिसतात. ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं सुकते, म्हणून तिथून धसते. बांधताना त्या पट्ट्याला सिमेंटचं कडं नक्की घ्या.

भूगोलवाल्या बाई

भाऊ, हीच तर सहल! गाव कोणतं ते मेसेजमध्ये कळवा. शनिवारी सकाळची शाळा असते, नववी सायकलनं घेऊन येते. मोजपट्टी, दोर, आणि प्रत्येक थराची मूठभर माती घ्यायला पिशव्या आणतो. पेटीतली वाळवीनं खाल्लेली लेबलं आता नव्यानं लिहून होतील, त्यावर तुमच्या शिवाराचं नाव असेल.

कास्तकार_वणी

या ना जी. चहा-पोहे आमच्याकडे. पोट्टे किती ते आधी सांगा.

सर्व्हेअर_निवृत्त

थांबा, थांबा. विहिरीला कठडा आहे का?

कास्तकार_वणी

नाही.

सर्व्हेअर_निवृत्त

मग काठापासून दहा फुटांवर बल्ल्या रोवून दोर बांधा आधी. खचलेल्या बाजूला कोणी फिरकायचं नाही. एका वेळी चार पोरं पुढे, बाकीची बांधावर. माती वरूनच बादली सोडून काढायची, आत कोणी उतरायचं नाही, मॅडम तुम्हीसुद्धा. पाऊस पडून गेला असेल तर त्या शनिवारी रद्द. मी येतो, वरोऱ्याहून लांब नाही.