माळ्यावर सापडलेला स्पेक्ट्रम : जुन्या घरगुती संगणकांवरील खेळांना सुरुवात कशी करावी?

नवखा_गंगापूररोड :
नमस्कार मंडळी. पंचवटीतील मामांच्या वाड्याचा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत त्यांनी १९८४ साली इंग्लंडहून आणलेला रबरी बटणांचा, ४८ के (किलोबाइट) मेमरीचा सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक, त्याचा मूळ अडॅप्टर आणि खेळांच्या अकरा कॅसेटी सापडल्या. मामांच्या आठवणीप्रमाणे तो शेवटचा १९९१च्या सुमारास चालू झाला होता. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला तो पाहिल्यापासून दुसरे काही सुचत नाही, आणि मलाही या खेळांची ओळख मुळापासून करून घ्यायची आहे. मात्र या विषयात मी अगदी नवीन आहे. यंत्र थेट टीव्हीला जोडून चालू करून पाहावे काय? तसेच आम्ही कोणत्या खेळापासून सुरुवात करावी?

सोल्डर_सातपूर :
कृपया अडॅप्टर यंत्राला इतक्यात जोडू नका. इतकी वर्षे बंद राहिलेल्या यंत्रात सर्वांत आधी दगा देतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे सुटे भाग), आणि स्पेक्ट्रममध्ये त्यांच्याबरोबर धोक्यात येते ती खालची १६ के मेमरी. त्या चिपांना अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, ते अडॅप्टरच्या ९ व्होल्टवरून यंत्राच्या आतच तयार होतात, आणि त्यांपैकी एक जरी बिघडले तरी चिपा निकामी होऊ शकतात. म्हणून प्रथम अडॅप्टर एकटाच भिंतीवरच्या प्लगात लावून मल्टिमीटरने मोजा. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेले असले तरी भार नसताना तो १२ ते १४ व्होल्ट दाखवेल. तो अनरेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर न राखणारा) असल्यामुळे हे स्वाभाविक आहे, घाबरू नका. इंग्लंडचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर चालतो. अमेरिकेतून आणलेल्या यंत्राचे मात्र तसे नसते.

नवा अडॅप्टर घ्यावा लागलाच, तर दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांच्या पिनेची आतली बाजू पॉझिटिव्ह असते आणि स्पेक्ट्रमला ती निगेटिव्ह लागते, हे कायम लक्षात ठेवा. २०१६ साली महात्मा गांधी रस्त्यावरून आणलेला अडॅप्टर मी ही खात्री न करता लावला आणि एक उत्तम अवस्थेतील यंत्र गमावले. ती हळहळ अजून गेलेली नाही. शक्य असल्यास कपॅसिटर आधीच बदलून घ्या. खर्च किरकोळ आहे, आणि टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कोणताही जुना कारागीर ते काम करू शकेल.

जुनेखेळ_सिडको :
यंत्राचे काम होईपर्यंत लॅपटॉपवर ‘फ्यूज’ हा एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, घ्या. माझ्या मते नवख्याने यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी महिनाभर तरी एम्युलेटरवर खेळून पाहावे, कारण या खेळांची शिस्त निराळी आहे. सुरुवातीसाठी मी १९८३चा ‘जेटपॅक’ सुचवतो. तो अवघ्या १६ के मेमरीत बसतो आणि यानाचे भाग गोळा करून इंधन भरायचे, एवढे सांगितले की लहान मुलाला पुरते. त्याच वर्षीचा ‘मॅनिक मायनर’ त्यानंतर घ्या. त्यात वीस गुहा आहेत, प्रत्येक गुहेतील हवा संपत जाते आणि उडी एका पिक्सेलने चुकली तरी जीव जातो. मुलगी पहिल्याच गुहेत पंधरा वेळा हरली तर तिला रोखू नका; प्रत्येक खेपेला ती थोडी पुढे गेलेली तुम्हाला दिसेल.

तिला आणखी एक गोष्ट दाखवा. दोन रंगीत वस्तू जवळ आल्या की त्यांचे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. हा बिघाड नव्हे. पडद्यावरील आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग मावतात, आणि मेमरी वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर स्पेक्ट्रमच्या चित्रांची ओळखच ठरली.

कॅसेट_नाशिकरोड :
एम्युलेटरबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. तो क्षणात खेळ उघडतो, आणि पाच मिनिटांची ती प्रतीक्षा, जिच्यात आम्ही भावंडे कॅसेटचे कव्हर पुन्हा पुन्हा वाचत असू, मुलीच्या वाट्याला येतच नाही. ‘जे’ दाबले की पडद्यावर ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटतो, पुढे दोन अवतरणचिन्हे (ती ‘पी’च्या बटणावर आहेत) आणि एंटर. मग कडेला आधी लाल-निळसर रुंद पट्टे येतात आणि माहिती वाचली जाऊ लागली की निळे-पिवळे बारीक पट्टे धावतात. हे तिने खऱ्या यंत्रावर एकदा तरी पाहावे.

मात्र अकरा कॅसेटी लगेच वाजवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. काचेच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर प्लेअरचे हेडही खराब होईल. स्वच्छ दिसतील त्या आधी शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पहिल्याच खेपेला आवाज संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुढे तीच नक्कल मोबाइलवरून वायरने स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ खाचेत देता येते. आवाज साधारण तीन चतुर्थांश ठेवावा आणि ध्वनिपरिणाम बंद करावेत.

नवखा_गंगापूररोड :
सर्वांचे मनापासून आभार. अडॅप्टर १३.४ व्होल्ट दाखवत होता. कपॅसिटर बदलून घेतले आणि शनिवारी टीव्हीच्या अ‍ॅनालॉग ट्यूनिंगमध्ये यूएचएफ चॅनेल ३६च्या आसपास शोधल्यावर पांढऱ्या पडद्यावर तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ची ओळ उमटली. मामा खुर्ची ओढून अगदी पडद्यापाशी येऊन बसले. अडचण एकच आहे : क्यू, डब्ल्यू, ई, आर आणि टी ही पाचही बटणे चालत नाहीत.

सोल्डर_सातपूर :
अभिनंदन! पाच शेजारची बटणे एकदम गेली, तर दोष बटणांत नाही. कीबोर्ड पाच-पाच बटणांच्या आठ गटांत वाचला जातो, आणि त्या गटाची पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीतील वाहिनी तुटली असणार. ही पट्टी वयाने कडक होते आणि यंत्र उघडताना हमखास मोडते, त्यामुळे नवी मेम्ब्रेन (बटणांखालचा पट्टीसह येणारा पातळ थर) हाती येईपर्यंत झाकण पुन्हा उघडू नका. ‘जे’, ‘पी’ आणि एंटर शाबूत आहेत, म्हणजे खेळ लोड करण्यात तूर्त अडचण नाही.