घोडीच्या सांध्यात इन्फेक्शन, नाशिकमध्ये डॉक्टर सुचवा

मंडळी, मदत हवी आहे. पंचवटीत आमची वरातीची घोडी आहे. मागच्या पायाला खुराच्या वरच्या सांध्याजवळ खिळा घुसला होता. जखम वरून बुजलीये, पण सांधा गरम, हात लावला की पाय झटकते, टेकवत तर नाहीच. मानेत इंजेक्शनं चालू आहेत, फरक शून्य. डॉक्टर म्हणतात, सांधा धुवायला हवा आणि वर घट्ट पट्टा बांधून खालच्या शिरेत अ‍ॅमिकासिन (अँटिबायोटिक) सोडायचं, पट्टा २०-३० मिनिटं ठेवायचा. औषध तिथंच मुरतं. पण त्यांनी स्वतः हे केलेलं नाही. ओझर-सिन्नरपर्यंत कोणी करतं का? नाहीतर मुंबईला परळचं जनावरांचं हॉस्पिटल, आणि लंगडी घोडी टेम्पोत कसारा घाटातून उतरवायची म्हणजे पोटात गोळाच. कोणी नेलीये का? खर्च साधारण किती येतो? हळदीचे लेप कृपया सुचवू नका.