टेक्सास–मेक्सिको सीमेवरील डेंग्यू : नदी एकच, डास तेच, मग रुग्णसंख्येत इतकी तफावत कशी?

मोगरावेल
नमस्कार. माझ्या पतीची टेक्सासमधील लारेडो येथे बदली झाली असून दिवाळीनंतर आम्ही सर्वजण तिकडे राहायला जाणार आहोत. रिओ ग्रान्द नदीच्या एका काठावर लारेडो आणि दुसऱ्या काठावर मेक्सिकोतील न्युएवो लारेडो अशी ही जोडशहरे असून पुलांवरून दिवसभर माणसे आणि मालमोटारी ये-जा करत असतात. मला पुण्यात असताना डेंग्यू होऊन गेला आहे आणि दुसऱ्या वेळी तो अधिक गंभीर होऊ शकतो, असे तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते. वाचनात असे आले की, मेक्सिकोच्या बाजूला डेंग्यूच्या मोठ्या साथी येतात, तर टेक्सासच्या बाजूला तुरळक रुग्ण आढळतात. दोन्हीकडे हवामान सारखेच असताना हा फरक खरा आहे, की अमेरिकेत रुग्णांची नोंदच नीट होत नाही? जाणकारांनी कृपया सांगावे.

पाणवठा
मोगरावेलताई, फरक खरा आहे आणि तो मोजलेलाही आहे. 1980 ते 1999 या काळात टेक्सासमध्ये स्थानिक संसर्गाचे अवघे 64 रुग्ण नोंदले गेले, तर लगतच्या तामाउलिपास, न्युएवो लिऑन आणि कोआविला या तीन मेक्सिकन राज्यांत संशयित रुग्णांची संख्या 62,514 होती. नोंदणीतील त्रुटीचा संशय तुमच्याप्रमाणे इतरांनाही आला होता. म्हणूनच 1999 मध्ये, न्युएवो लारेडोत साथ चालू असताना, दोन्ही शहरांतील घरोघरच्या लोकांचे रक्त तपासण्यात आले. नुकत्याच झालेल्या संसर्गाच्या खुणा न्युएवो लारेडोत सुमारे 16 टक्के लोकांत, तर लारेडोत 1.3 टक्के लोकांत सापडल्या. आश्चर्याची बाब अशी की, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांची पैदास लारेडोतच अधिक होती. अंगणात टाकून दिलेले टायर, बादल्या, कुंड्यांखालच्या बशा यांची तिकडे काही वानवा नाही.

याचे कारण घराच्या भिंतीत शोधावे लागते. लारेडोतील घरांत वातानुकूलन अधिक असते, त्यामुळे खिडक्या बंद राहतात, दोन घरांत अंतर असते आणि भर दुपारी कोणी ओट्यावर बसत नाही. डेंग्यू पसरण्यासाठी एकाच मादीने दोनदा चावणे आवश्यक असते : प्रथम तापाने फणफणलेल्या माणसाला, आणि विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोहोचल्यानंतर, म्हणजे साधारण 8 ते 12 दिवसांनी, एखाद्या निरोगी माणसाला. त्यामुळे माणूस आणि डास यांची गाठ पडण्याचे प्रमाण एक दशांशावर आले, तर प्रसार एक दशांशावर नव्हे, ढोबळमानाने एक शतांशावर येतो. न्युएवो लारेडोत साथ असूनही लारेडोत ती का भडकली नाही, याचा उलगडा या हिशोबातून होतो.

शिवाय हा डास सहसा काहीशे मीटरांपलीकडे उडत नाही. नदीपलीकडून विषाणू आणतो तो माणूस.

हिदाल्गोकर
पाणवठा यांचे विवेचन योग्य आहे. परंतु ‘टेक्सासमधील घर’ असे सरसकट म्हणता येणार नाही, एवढे मी येथे नदीकाठी राहून सांगू शकतो. सीमेलगत ‘कोलोनिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या आहेत. शहराच्या हद्दीबाहेर स्वस्तात प्लॉट विकून त्या वसवल्या गेल्या. अनेक ठिकाणी नळ, सांडपाण्याची व्यवस्था आणि पक्के रस्ते वर्षानुवर्षे आलेच नाहीत. अशा एका वस्तीत मी अधूनमधून जातो. तेथे दाराशी प्लास्टिकची पिंपे भरून ठेवलेली असतात, झाकण म्हणून वर पत्र्याचा तुकडा असतो, खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली असते आणि खिडकीतले वातानुकूलन यंत्र विजेच्या बिलाच्या धास्तीने फक्त रात्री चालते. हा डास मात्र दिवसा, विशेषतः सकाळी आणि तिन्हीसांजेच्या आधी, चावतो.

आपल्याकडे ‘कोरडा दिवस’, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस, पाळण्याचा आग्रह धरतात, तो उत्तमच आहे. पण ज्याच्याकडे नळच नाही, त्याने पिंप रिकामे कसे करायचे?

नदीच्या मुखाजवळील ब्राउन्सव्हिल आणि मातामोरोस या जोडशहरांत 2004 मध्ये अशीच पाहणी झाली, तेव्हा पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा मातामोरोसमध्ये 78 टक्के, तर ब्राउन्सव्हिलमध्येही 40 टक्के लोकांत आढळल्या. त्यांतील कित्येकांना तो पलीकडे झालेला असू शकतो, कारण येथील कुटुंबे दोन्ही काठांवर विखुरलेली आहेत. तरीही पुढच्याच वर्षी ब्राउन्सव्हिलमध्ये रक्तस्रावी डेंग्यूचा रुग्ण सापडला, हे विसरता कामा नये. सबब नोंदणी अपुरी असल्याची तुमची शंका पूर्णपणे निराधार नाही, विशेषतः जे विम्याअभावी डॉक्टरकडे जातच नाहीत त्यांच्याबाबत.

सदाफुली
अंगणात हौद किंवा कारंजे असल्यास त्यात गप्पी मासे सोडावेत. आमच्याकडे पपईच्या पानांचा रस देतात, त्याने प्लेटलेट्स लवकर वाढतात असा अनुभव आहे.

वैद्यकीय_मत
गप्पी माशांबद्दल दुमत नाही. प्लेटलेट्स मात्र ताप उतरल्यावर बहुतेकांच्या आपोआपच वाढतात, त्यामुळे श्रेय रसाला जाते. रसाच्या भरवशावर रुग्णालयात जाण्यास उशीर होऊ नये, इतकेच.

मोगरावेलताई, डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराचा संसर्ग होऊन गेला, त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. इतर प्रकारांच्या बाबतीत मात्र जुनी प्रतिपिंडे विषाणूला पेशींत शिरण्यास मदतच करू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी बजावले ते यामुळे. 2024 मध्ये अमेरिका खंडांत मिळून 1 कोटी 20 लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यामुळे सुटीत न्युएवो लारेडो किंवा मॉन्टेरे येथे जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम यांबाबत हयगय करू नये. लारेडोत बंद, थंड घरात राहणाऱ्यांना धोका बराच कमी आहे.

ताप आल्यास डॉक्टरांना दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात : पूर्वी डेंग्यू झाला होता, आणि गेल्या दोन आठवड्यांत नदीपलीकडे जाणे झाले होते की नाही. पहिल्या काही दिवसांत एनएस-1 ची, म्हणजे रक्तात डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी, चाचणी उपयोगी पडते. तापासाठी तिकडे टायलेनॉल या नावाने मिळते ते पॅरासिटामॉलच होय. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळावे. ताप उतरला म्हणजे बरे वाटेल असे समजू नये, कारण पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची ग्लानी ही लक्षणे बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच दिसतात, आणि त्या वेळी थेट रुग्णालयच गाठावे.

मोगरावेल
सर्वांचे आभार. घर अजून ठरलेले नाही. आता दाखवायला येणाऱ्या एजंटला भाड्याआधी खिडक्यांच्या जाळ्यांविषयी आणि मागच्या अंगणातील पाण्याच्या निचऱ्याविषयी विचारेन. पुण्यातले जुने अहवाल सोबत न्यायचेच आहेत.